परीक्षकाला ओटीपी येत नाही

पुण्यात ज्येष्ठ नागरिक संघाची सभासद सूची हा एक स्वतंत्र साहित्यप्रकार आहे. पातळ कव्हर, मध्ये दोन पिना, मलपृष्ठावर श्रवणयंत्राच्या दुकानाची नाहीतर केटररची जाहिरात. आत नाव, पत्ता, दूरध्वनी, जन्मतारीख, रक्तगट, आणि सगळ्यांत वाचनीय रकाना म्हणजे ‘पूर्वीची नोकरी’. टेल्को, किर्लोस्कर, बँक ऑफ महाराष्ट्र, खडकीची दारूगोळा फॅक्टरी, मिलिटरी अकाउंट्स, शिमला ऑफिस. (हवामान खातं शिमल्याहून पुण्याला आलं १९२८ साली. शंभर वर्षं होत आली, तरी जुने लोक त्याला शिमला ऑफिसच म्हणतात.) ही सूची घरोघरी फोनशेजारी असते, वाण्याच्या गल्ल्याशेजारी असते, रद्दीतही असते. तीत आपला नंबर छापण्याआधी आपल्याला विचारलं होतं का, हा प्रश्न कुणाला पडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. उलट नाव राहून गेलं तर पुढचं वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

माझे सासरे ज्या संघाचे सभासद आहेत, त्या संघाला या सूचीचं ॲप करायचं होतं. कारण गंभीर होतं. कोविडनंतर संघात एकट्यानं किंवा दोघंच राहणाऱ्यांची संख्या वाढली होती. मुलं बाणेर-वाकडला, नाहीतर थेट न्यू जर्सीला. कुणी घरात पडलं, फोन उचलला नाही, तर शेजाऱ्यांनी कुणाला कळवायचं? डॉक्टर कोण? आणि मुख्य म्हणजे घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे? छापील सूचीत किल्लीचा रकाना नव्हता. सचिव टेल्कोतून निवृत्त झालेले. एकदा दोष सापडला की त्यांना झोप येत नाही. त्यांनी मला विरंगुळा केंद्राच्या व्हरांड्यात गाठलं आणि विचारलं, “सूनबाई, तुम्ही हल्ली घरूनच काम करता ना?” या प्रश्नाला पुण्यात ‘हो’ म्हणायचं नसतं हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं.

हिंजवडीच्या कंपन्यांमध्ये मी वीसेक वर्षं ॲपच केली. पण तिथं आपण कोड लिहायचा, तपासणाऱ्यांनी तपासायचा, आणि स्टोअरवर चढवायला वेगळी माणसं असतात. दुकानाच्या दाराशी मी स्वतः कधी उभी राहिले नव्हते. ॲपमध्ये होतं तरी काय? सूची, कार्यक्रम, वाढदिवस, आणीबाणीची माहिती आणि सभासदांना चार ओळी लिहायला एक ‘कट्टा’. काम लवकर उरकलं. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

पहिलाच प्रश्न आला तो खातं कुणाच्या नावानं काढायचं. गूगल एकदाच पंचवीस डॉलर घेतं, ॲपल दरवर्षी नव्व्याण्णव. रक्कम संघाला जड नव्हती, पण संघाकडे क्रेडिट कार्ड नव्हतं. संघाकडे असतो धनादेश, त्यावर दोन सह्या. कॅलिफोर्नियाला धनादेश चालत नाही म्हटल्यावर खजिनदारांचा चेहरा पडला. माझ्या कार्डावरून भरायचं आणि व्हाउचर करून परत घ्यायचं असं ठरलं. “पण पावती मराठीत नसली तरी चालेल, छापील पाहिजे,” ही अट राहिली.

संस्थेच्या नावानं खातं काढायचं तर डी-यू-एन-एस क्रमांक लागतो. डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही कंपनी जगभरच्या संस्थांना हा नऊ आकडी क्रमांक देते. तो मागताना संस्थेचं कायदेशीर नाव कागदपत्रांशी तंतोतंत जुळावं लागतं. आमची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे, मराठीत. इंग्रजी नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं निघालं. पॅन कार्डावर ‘ज्येष्ठ’मध्ये वाय होता, पासबुकात नव्हता, आणि लेटरहेडवर ‘नागरिक’च्या शेवटी के ऐवजी सी होता. प्रत्येक स्पेलिंगमागे एक माजी सचिव उभा होता आणि त्यातले दोन हयात होते. हे निस्तरायला वेळ लागणार हे उघड होतं. कार्यकारिणीला तर गुढीपाडव्याला उद्घाटन करायचं होतं. २०२४चा पाडवा ९ एप्रिलला. म्हणून गूगलचं खातं जानेवारीत माझ्या वैयक्तिक नावानं काढलं आणि ॲपलचं क्रमांक आल्यावर संघाच्या नावानं काढायचं ठरवलं. तरी अध्यक्षांनी विचारलंच, “म्हणजे दुकानात नाव दिसणार सूनबाईंचं? मग हे ॲप संघाचं कसं?” प्रश्न बरोबर होता. कार्यवृत्तात ठराव झाला: ॲप संघाच्या मालकीचं, खातं तात्पुरतं माझ्या नावे.

वैयक्तिक खात्याची एक मेख होती. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांना गूगलनं नवा नियम लावला होता. ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान वीस टेस्टरांनी सलग चौदा दिवस चाचणीत सामील राहायला हवं. (पुढं डिसेंबर २०२४मध्ये विसाचे बारा झाले.) एकट्यानं काम करणारी तरुण मुलं या नियमावर फार चिडली होती, कारण वीस माणसं आणायची कुठून? मला त्याची काळजी नव्हती. रोज सकाळी हास्यक्लबाला यापेक्षा जास्त माणसं हात वर करून उभी असतात.

अडचण माणसांची नव्हती, जीमेलची होती. टेस्टर म्हणून नाव घालायचं तर त्या फोनवरच्या गूगल खात्याचा पत्ता लागतो. मी वही घेऊन बसले. एका काकांच्या फोनवर सॅन होजेच्या मुलाचं खातं होतं. त्यांच्या फोनमधले फोटो तिकडे जातात हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि ते थोडे गप्प झाले. एका काकूंचा पत्ता मोबाइलच्या दुकानातल्या पोरानं तयार करून दिलेला, त्यात दुकानाचंच नाव आणि पासवर्ड त्या पोरालाच माहीत. एक जोडपं एकाच खात्यावर. शिमला ऑफिसातल्या काकांनी मात्र पत्ता, पासवर्ड आणि पासवर्ड बदलल्याच्या तारखा वेगळ्या डायरीत लिहून ठेवल्या होत्या, तीही कुलपात. पासवर्ड ठेवायचा कुठे यावर मी तरुण सहकाऱ्यांना अनेक व्याख्यानं दिली आहेत. त्यांत या डायरीचा उल्लेख मी हल्ली आदरानं करते.

“परीक्षा ॲपची आहे की आमची?” सासऱ्यांनी विचारलं. मी म्हटलं, “बाबा, ॲपची. तुम्ही फक्त रोज उघडा.” त्यांनी ते औषधाच्या गोळीसारखं नियमानं घेतलं: सकाळी नाश्त्यानंतर आणि रात्री जेवणानंतर.

या चाचणीत जे हाती लागलं ते हिंजवडीत कधी लागलं नसतं. ज्येष्ठांच्या फोनवर अक्षर सगळ्यांत मोठं केलेलं असतं. मी एवढं मोठं करून पाहिलंच होतं, पण इंग्रजी अक्षरांच्या मापानं आखलेल्या ओळीत देवनागरी मावते का, हे सगळ्या पडद्यांवर पाहिलेलं नसतं. देवनागरीला ओळीच्या वरही जागा लागते आणि खालीही. मोठ्या अक्षरात वरचं सगळं कापलं गेलं. ‘वर्षा सहल’चा रफार गेला, ‘कोजागरी’ची ‘काजागरा’ झाली, अनुस्वार तर सरसकट नाहीसे. व्याकरणाच्या निवृत्त शिक्षिका असलेल्या काकूंनी पडद्याचे फोटो काढून, त्यावर लाल पेनानं खुणा करून, ते मला कागदावर छापून दिले. ओळीची उंची वाढवली, बटणांची चौकट सैल केली, आणि सगळे पडदे पुन्हा तपासले. एका पडद्यावर ‘सभा रद्द’मधला ‘रद्द’ दुसऱ्या ओळीवर जाऊन दिसेनासा होत होता. म्हणजे रद्द झालेल्या सभेला माणसं रिक्षा करून आली असती.

चाचणी चालू असतानाच, १ मार्च २०२४ला, गूगलनं काही नामवंत भारतीय ॲप प्ले स्टोअरवरून काढून टाकली. भारत मॅट्रिमोनी, शादी, नोकरी अशी बडी नावं होती. वाद सेवाशुल्काचा होता. सरकारनं मध्ये पडून बोलणी केली आणि ती काही दिवसांत परत आली. पण विरंगुळा केंद्रात त्या बातमीनं खळबळ माजली, कारण निम्म्या लोकांची नातवंडं त्या विवाहाच्या ॲपवर होती. “एवढ्या मोठ्यांना एका दिवसात बाहेर काढतात, मग आपण कोण?” एका काकांनी त्याच सुमारास सुरू झालेल्या फोनपेच्या इंडस ॲपस्टोअरचं कात्रण आणून दिलं, मराठीसह बारा भारतीय भाषांतलं दुकान. कल्पना मला आवडली होती. पण आमच्या सभासदांच्या फोनवर प्ले स्टोअर आधीपासून असतं, आणि दुसरं दुकान फोनवर आणा म्हणून प्रत्येकाच्या घरी जायला मी तयार नव्हते. दोन कंपन्यांच्या दारातूनच सगळ्या जगानं जायचं ही गोष्ट मला खटकते, आजही. त्या कंपन्यांनी दारात विचारलेले प्रश्न मात्र फालतू नव्हते. त्यातले काही प्रश्न संघानं स्वतःला फार आधीच विचारायला हवे होते, असं माझं मत होत गेलं.

गूगलच्या दुकानात एक ‘डेटा सेफ्टी’चा अर्ज भरावा लागतो. कोणती माहिती गोळा करता, कशासाठी, कुणाला देता, मागितली तर पुसता का. बहुतेक जण तो रात्री उशिरा, चहा पीत, टिकमार्क करत भरतात. मी तो कार्यकारिणीपुढं ठेवला, कारण यातली निम्मी उत्तरं माझी नव्हतीच. मिलिटरी अकाउंट्समधून निवृत्त झालेल्या काकांनी अर्जाची छापील प्रत मागितली, खिशातली लाकडी पट्टी काढली, आणि एकेका ओळीखाली धरत वाचायला सुरुवात केली.

“‘शेअर’ म्हणजे काय? सभासदानं सभासदाचा नंबर पाहिला तर ते शेअर झालं का?”

मी म्हटलं, गूगलच्या व्याख्येत तिसऱ्या कंपनीला दिलं तर.

“गूगलची व्याख्या राहू दे. आपली काय?”

पट्टी खाली सरकत सरकत किल्लीच्या रकान्याशी आली आणि थांबली. ‘एकटे राहता का: हो. दुसरी किल्ली: समोरच्या फ्लॅटमध्ये.’ काका म्हणाले, “ही यादी चोराला दिली तर त्याला वेगळं काही शोधावंच लागणार नाही.” खोलीत शांतता पसरली. ज्या रकान्यासाठी हे सगळं मांडलं, तोच सगळ्यांत धोकादायक निघाला. माझ्या आराखड्यात ती माहिती प्रत्येक सभासदाला दिसणार होती, कारण मला तसंच सांगितलं होतं आणि छापील सूचीची परंपराही तीच होती.

त्यावर चर्चा लांबली, आणि ती लांबायलाच हवी होती. रकाना काढून टाकावा असं काहींचं म्हणणं. मग ॲप कशाला, असं सचिवांचं. शेवटी असं ठरलं की किल्लीची माहिती सभासदानं स्वतः भरली तरच असेल, आणि ती त्यानंच निवडलेल्या दोन माणसांना दिसेल. इतर कुणालाही नाही, अध्यक्षांनाही नाही. आणीबाणीच्या पडद्यावर बाकीच्यांना दिसेल तो फक्त ‘या दोघांना फोन करा’ एवढा मजकूर आणि केंद्र सरकारच्या एल्डर लाइनचा १४५६७ हा क्रमांक. फोनमधले संपर्क वाचायची परवानगी मी सोयीसाठी मागितली होती, ती काढून टाकली. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३मध्ये झाला होता, त्याचे नियम मात्र यायचे होते. ते नोव्हेंबर २०२५मध्ये आले. कायद्याचा धाक तेव्हा कुणालाच नव्हता. पट्टीचा होता.

पाडव्याला अँड्रॉइडचं उद्घाटन झालं. चाचणीनंतर खुल्या प्रकाशनाची परवानगी मागताना गूगल विचारतं: टेस्टर कसे मिळवलेत, त्यांनी काय सांगितलं, तुम्ही काय बदललंत? सचिवांच्या वहीत हे सगळं तारीखवार होतं. मी फक्त इंग्रजीत उतरवलं.

आयफोन संघात थोडे, पण वजनदार. सगळे अमेरिकेतून उतरलेले: मुलीनं नवा घेतला की जुना आईला. अध्यक्षांच्या पत्नीकडे तसाच एक होता, त्यामुळे ॲपलचा विषय लांबणीवर पडणं शक्य नव्हतं. डी-यू-एन-एस क्रमांक हाती आल्यावर (पॅन कार्डावरचं स्पेलिंग अंतिम मानण्यात आलं, एका माजी सचिवांनी निषेध नोंदवला) आम्ही ॲपलच्या दाराशी गेलो.

तिथं यंत्राबरोबर माणूसही तपासतो. आणि त्या माणसाला आमच्या ॲपमध्ये शिरताच येईना. आत जायला मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येतो. आपल्याकडे ओटीपीचा साधा एसएमएस पाठवायलासुद्धा संस्थेची, शीर्षकाची आणि मजकुराच्या साच्याची डीएलटी या एसएमएसच्या नोंदणी-व्यवस्थेत नोंदणी करावी लागते. ती मी सोपस्कार पाळून केली होती, आणि ती होती भारतीय नंबरांसाठी. परीक्षकाकडे भारतीय सिम कुठलं? ॲपलचा नियम साधा आहे: लॉगिन असेल तर आम्हाला चालू खातं द्या. म्हणजे एक ठरावीक नंबर आणि त्याला ठरावीक ओटीपी, जो कधी बदलत नाही.

हे मी सभेत सांगितल्याबरोबर पट्टीवाले काका म्हणाले, “म्हणजे एक कायमचा तोतया सभासद. त्याला आमच्या किल्ल्या दिसणार?” दिसता कामा नये, हे बरोबरच. मग परीक्षकासाठी संपूर्ण खोटा संघ उभा करायचं ठरलं. एरवी अशी माहिती मी ‘टेस्ट एक, टेस्ट दोन’ अशी भरते. पण ही जबाबदारी संघाच्या नाट्यविभागानं उचलली. त्यांनी जे सभासद घडवले त्यांना स्वभाव होते. एक निवृत्त पोस्टमास्तर, जे कट्ट्यावर फक्त हवामानाबद्दल लिहितात. एक काकू, जन्म २९ फेब्रुवारी, कारण लीप वर्षाचा वाढदिवस ॲप दाखवतं का हे शिमला ऑफिसला पाहायचं होतं. एक नागपूरचे गृहस्थ, ‘तुलनेसाठी’. या काल्पनिक मंडळींची एक काल्पनिक सहलही झाली, भीमाशंकरला, आणि तिचा हिशोब जुळत नव्हता म्हणून खजिनदारांनी दुरुस्त करून घेतला. कॅलिफोर्नियातल्या कुणा परीक्षकानं हे वाचलं असेल, तर त्याला मराठी येत नसेल याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पुढची अडचण कट्ट्याची. जिथं लोक स्वतः काही लिहितात, तिथं ॲपलच्या नियमावलीतलं १.२ हे कलम लागतं: आक्षेपार्ह मजकूर गाळायची सोय हवी, तक्रार करायची सोय आणि वेळेवर कारवाई हवी, त्रास देणाऱ्याला ब्लॉक करता आलं पाहिजे, आणि संपर्कासाठी पत्ता जाहीर हवा. पहिल्या उत्तरात ‘आमचे सभासद सुसंस्कृत आहेत’ असं कळवावं, अशी अध्यक्षांची सूचना होती. ती मी अमलात आणली नाही. वेळेवर कारवाई म्हणजे किती वेळात? कार्यकारिणी महिन्याच्या पहिल्या रविवारी भरते. एखाद्यानं सोमवारी दुसऱ्याच्या जातीवरून काही लिहिलं, तर ते पुढच्या महिन्यापर्यंत भिंतीवर तसंच? मग तिघांची समिती नेमली, तिला सभेची वाट न पाहता मजकूर उतरवण्याचा अधिकार दिला, आणि तसा ठराव घेतला.

ब्लॉकच्या बटणावर मात्र भावना तीव्र होत्या. “एकाच संघात राहून एकमेकांचं तोंड बघायचं नाही?” असं एक बाजू म्हणाली. दुसरी बाजू काही बोलली नाही, पण दुसऱ्या बाजूच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं. साठीनंतर माणसं मतं बदलत नाहीत आणि संघ तर एकच असतो. अशा वेळी समोरच्याचं लिखाण आपल्यापुरतं दिसेनासं करता येणं ही फार सुसंस्कृत सोय आहे, असं माझं मत झालं आहे. बटण आलं. ते वापरलं जातं. कुणी कुणाला ब्लॉक केलं हे तपासायला गेलं तर डेटाबेसमध्ये मला दिसतं, आणि हे वाक्य लिहिल्यावर चार जण मला फोन करतील हेही दिसतं.

खातं पुसण्याची सोय ही तिसरी गोष्ट. ३० जून २०२२पासून ॲपलचा नियम आहे की ज्या ॲपमध्ये खातं काढता येतं, त्यातच ते पुसताही आलं पाहिजे. गूगलला तर ॲप फोनवर नसलं तरी पुसायची विनंती करता येईल असं पान बाहेरही लागतं. संघाच्या घटनेप्रमाणे सभासदत्व सोडायचं तर लेखी अर्ज, कार्यकारिणीची मंजुरी, मग नोंदवहीत शेरा. इथं एक बटण आणि संपलं. सभासदत्व वेगळं आणि ॲपवरचं खातं वेगळं, हे समजावताना मला घाम फुटला. ते समजल्यावर कुणीतरी विचारलं, जे गेले त्यांचं काय? नोंदवहीत लाल शाईनं तारीख घालतात. ॲपमध्ये त्यांचा वाढदिवस पुढच्या वर्षीही येणार, आणि सकाळी सहा वाजता शुभेच्छा जाणार. ते कुणालाच नको होतं. म्हणून बाहेरच्या पानावर घरच्यांसाठीही विनंतीची सोय केली. त्यात फोन, डॉक्टर, किल्ली, सगळं जातं. नाव आणि संघात असल्याची वर्षं राहतात. नावही जावं का, यावर मतदान झालं नाही. सगळ्यांनी एकदम ‘नाव राहू दे’ म्हटलं.

देणगीचं बटण काढावं लागलं. ॲपलनं मान्यता दिलेल्या ना-नफा संस्थांखेरीज इतरांना ॲपच्या आत देणगी गोळा करता येत नाही, बाहेर ब्राउझरवर न्यावं लागतं. खजिनदारांना त्याचं दुःख झालं नाही. वर्गणी भरायला माणसं टेबलाशी येतात, बसतात, बोलतात, आणि मग कधीतरी पैसे काढतात. ते त्यांना मोडायचं नव्हतंच.

मराठीचा प्रश्न वेगळाच. प्ले स्टोअरवर मराठीत वर्णन लिहिता येतं. फक्त नावाला तीस अक्षरांची मर्यादा, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळं स्वतंत्र अक्षर म्हणून मोजलं जातं. ‘ज्येष्ठ’ एवढ्याशा शब्दाला सात लागतात. ‘ज्येष्ठ नागरिक संघ’ लिहिलं की अठरा संपले. पेठेचं नाव आणि ‘नोंदणीकृत’ दोन्ही बसेनात. ‘नोंदणीकृत’ गेलं. ॲपलकडे त्या वेळी वर्णनासाठी भारतीय भाषांपैकी एकटी हिंदी होती. हिंदीच्या रकान्यात मराठी मजकूर भरून टाकावा, लिपी एकच आहे, कुणाला कळणार, असं मी सुचवलं. व्याकरणाच्या काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वर्णन इंग्रजीतच ठेवलं.

एवढं सगळं झाल्यावर ॲपलचा प्रश्न आला: हे ॲप एकाच संस्थेच्या लोकांसाठी आहे का? बाहेरच्या माणसाला यात काय आहे? सार्वजनिक दुकानात सार्वजनिक उपयोगाची वस्तू हवी, हा त्यांचा मुद्दा. यावर दोन वाटा होत्या. जानेवारी २०२२पासून ॲपल ‘अनलिस्टेड’ वितरण देतं: ॲप दुकानात असतं, शोधून सापडत नाही, दुवा असेल त्यालाच उघडतं. खासगी सूचीला ते योग्यच. पण सचिवांना दुसरा विचार सुचला. व्याख्यानं, आरोग्य शिबिरं, गाण्याच्या बैठका या सभासदांपुरत्या का ठेवायच्या? कार्यक्रमांचा भाग लॉगिनशिवाय सगळ्यांना दिसू दे. यावर पुष्कळ वाद झाला. खुर्च्या किती, चहा कुणाच्या पैशानं, हे मुद्दे रास्त होते. शेवटी व्याख्यानं खुली झाली, चहा सभासदांचा राहिला, आणि ॲप सार्वजनिक म्हणून मंजूर झालं. आता पलीकडच्या सोसायट्यांतली माणसं शनिवारी येतात. त्यातली काही सभासद झाली. काही अजून चहाच्या वेळी घड्याळ पाहून उठतात.

छापील सूची बंद झालेली नाही, होणारही नाही. पण नव्या आवृत्तीआधी प्रत्येकाकडे एक चिठ्ठी आली: यातलं काय छापायचं, खूण करा. जन्मतारखेपुढं बऱ्याच काकूंनी फुली मारली. ‘पूर्वीची नोकरी’ मात्र एकानंही वगळली नाही.

मंजुरी एकदा मिळाली की संपलं, असं नसतं. दर ऑगस्टअखेर गूगलला ॲप नव्या अँड्रॉइडच्या मापाचं करून हवं असतं: २०२४ला चौदा, २०२५ला पंधरा. ॲपलचे नव्व्याण्णव डॉलर चुकले तर ॲप दुकानातून जातं. मी कायम इथं नसणार, म्हणून गूगलचंही खातं आता संघाच्या नावावर नेलं आहे आणि सचिवांना दुसरा प्रशासक केलं आहे. एकाहत्तराव्या वर्षी ते बिल्ड चढवायला शिकले. प्रत्येक पायरीचा फोटो काढून त्यांनी भिंतीवर तक्ता लावला आहे, टेल्कोत मशीनशेजारी लावत तसा.

यंदाच्या वार्षिक सभेत लेखापरीक्षकांनी विचारलं की ‘ॲपल, नव्व्याण्णव डॉलर’ हा खर्च कोणत्या सदरात दाखवला आहे. खजिनदारांनी तो ‘वर्तमानपत्रे व नियतकालिके’ या सदरात घातला होता. वर्षाची वर्गणी आहे आणि नाही भरली तर बंद होतं, मग दुसरं कुठं घालणार, असं ते म्हणाले. लेखापरीक्षकांनी बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.